ऐकता ऐकता पाझरतं ते

झीब्रा फिंचच्या नराचं गाणं जेमतेम सेकंदभराचं. आधी दोन-चार बारीक ठिपक्यांसारखे स्वर, मग ठरलेल्या क्रमानं काही स्वरखंड. त्यातला एखादा लांबवलेला, बाकीचे तुटक. संपलं की तेच पुन्हा, आणि पुन्हा तेच. आवाज पातळ आणि नाकातला. रागदारीवर वाढलेल्या कानाला पहिल्या ऐकण्यात त्यात फारसं काही सापडत नाही. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ मुलखातला, आपल्या मनोल्यांच्याच कुळातला. चोच लालभडक, गालावर तांबूस ठिपका, शेपटीवर काळे-पांढरे पट्टे. आपल्याकडेही पक्षी पाळणाऱ्यांच्या पिंजऱ्यांत तो सर्रास दिसतो. गातो फक्त नर. तो वडिलांकडून किंवा शेजारच्या मोठ्या नराकडून एकच गाणं शिकतो आणि जन्मभर तेवढंच गातो.

मला इथं बोलायचं आहे ते हे गाणं ऐकणाऱ्या पक्ष्याबद्दल. गाणं कानावर पडत असताना त्याच्या मेंदूत, अगदी ऐकण्याच्या जागी, इस्ट्रोजेन तयार होतं. रक्तातून आलेलं नव्हे, तिथंच घडलेलं. हे दाखवणारे प्रयोग गेल्या तीन-चार दशकांतले. एखाद्या बंदिशीकडे जसं वारंवार परतावं तसा मी त्या शोधनिबंधांकडे परतत आलो आहे. त्यांत माहिती आहेच. त्याहून मला भुरळ घालते ती प्रश्न मांडण्याची रीत.

या कथेची आधीची बाजूही एका पक्ष्यावरच लिहिली गेली. 1849 मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथं आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी सहा कोवळे कोंबडे घेतले. वृषणं काढलेले कोंबडे मोठे झाले ते निस्तेज तुऱ्यांचे; ना धड आरवणं, ना झुंज, ना कोंबड्यांमागं धावणं. ज्यांच्या पोटात एक वृषण पुन्हा ठेवून दिलं, ते मात्र पुरते कोंबडे झाले. उघडून पाहिलं तर त्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. जुन्या नसांशी त्याचा संबंध उरला नव्हता. म्हणजे जो काही निरोप होता तो रक्तातून गेला. अंतःस्रावी ग्रंथींचं सगळं शास्त्र या निष्कर्षावर उभं राहिलं: ग्रंथी खाली, मेंदू वर, आणि मधे रक्ताची नदी. ग्रंथी पाठवते, मेंदू स्वीकारतो. शंभर-सव्वाशे वर्षं हे चित्र इतकं पक्कं होतं, की मेंदू स्वतःच स्टेरॉइड बनवत असेल असं म्हणणं आगाऊपणाचं वाटावं. ते आधी ठामपणे म्हटलं ते उंदरांच्या मेंदूवर काम करणाऱ्या एत्येन-एमील बोल्यू या फ्रेंच शास्त्रज्ञानं. मेंदूत बनणाऱ्या या रेणूंना त्यानं 1981 मध्ये 'न्यूरोस्टेरॉइड' असं नाव दिलं. पण या कल्पनेला खरी शोभा आली ती पक्ष्यांमुळे.

रसायनशास्त्र थोडक्यात सांगायला हवं, कारण त्यातही एक देखणेपण आहे. सगळ्याची सुरुवात कोलेस्टेरॉलपासून. त्यात 27 कार्बन. त्याची शेपटी तोडली की प्रेग्नेनोलोन, 21 कार्बनचं. आणखी दोन गेले की डीएचईए आणि टेस्टोस्टेरॉनची रांग, 19 कार्बनची. मग येतं अरोमाटेज नावाचं विकर. ते टेस्टोस्टेरॉनचा एक कार्बन काढून घेतं आणि पहिल्या कड्याची मांडणी बदलतं. 18 कार्बनचं इस्ट्राडायॉल तयार होतं. ज्याला आपण पुरुषाचं संप्रेरक म्हणतो आणि ज्याला स्त्रीचं, त्यांच्यात अंतर एवढंच: एक कार्बन आणि एका कड्याची घडण. झीब्रा फिंचच्या मेंदूत कोलेस्टेरॉलपासून इस्ट्राडायॉलपर्यंतच्या वाटेवरची एकूण एक विकरं बनवण्याची जनुकं चालू असतात, हे सारा लंडन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं. वाट लांब आहे, पण ती सगळी एकाच गावात आहे.

आता ज्या प्रयोगांवर माझं प्रेम आहे त्यांतला पहिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या शाखेत बार्नी श्लिंगर आणि आर्थर आर्नोल्ड यांच्यासमोर एक कोडं होतं. झीब्रा फिंचच्या नराच्या रक्तात इस्ट्रोजेन सापडतं, आणि वृषणं काढून टाकली तरी ते नाहीसं होत नाही. मग ते येतं कुठून? त्यांनी शरीरातल्या एकेका अवयवाचं ऊतक घेऊन अरोमाटेज शोधलं. 1991 च्या त्यांच्या निबंधाचं उत्तर शीर्षकातच आहे: या गाणाऱ्या पक्ष्याच्या नरात इस्ट्रोजेन बनवण्याची मुख्य जागा म्हणजे मेंदू. शास्त्रीय लेखनात असं सरळ वाक्य शीर्षकाला देणं धाडसाचं असतं. इथं ते शोभतं. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी नेमकी जागा पकडली. मेंदूकडे जाणारं रक्त आणि मेंदूतून परत येणारं रक्त यांची तुलना केली, तर परतणाऱ्या रक्तात इस्ट्रोजेन जास्त. इथं मला बर्थोल्डचे कोंबडे आठवतात. नदी तीच, पण तिचा उगम आता वरच्या बाजूला होता. मेंदू शरीराला इस्ट्रोजेन पुरवत होता. रक्तवाहिन्यांची निवड एवढाच या प्रयोगाचा डाव, पण त्यात शंकेला जागा उरत नाही.

दुसरी कथा लांबलचक आहे, आणि तिच्यात एक नाट्यमय पेच आहे. 1976 मध्ये फर्नांडो नॉटेबोम आणि आर्थर आर्नोल्ड यांनी दाखवलं होतं, की झीब्रा फिंचच्या नराच्या मेंदूत गाण्याची केंद्रं मादीच्या मानानं कितीतरी मोठी असतात. मेंदूत नर-मादीचा असा फरक नुसत्या डोळ्यांना दिसावा, हे तेव्हा नवीनच होतं. त्यानंतर चारच वर्षांनी मार्क गर्नी आणि मासाकाझु कोनिशी यांनी मादीच्या पिलाला इस्ट्राडायॉल दिलं, तर तिचा मेंदू नरासारखा घडला आणि तिच्यात गाण्याची क्षमता आली. इथं वाचणारा थबकतो: नराचा मेंदू घडवणारं संप्रेरक इस्ट्रोजेन! पण मग निसर्गात नराच्या पिलाला हे इस्ट्रोजेन देतं कोण? साहजिक उत्तर: वृषणं टेस्टोस्टेरॉन देतात, मेंदू त्याचं इस्ट्रोजेन करतो.

जूली वेड आणि आर्नोल्ड यांनी 1996 मध्ये हे उत्तर तपासलं. अंड्यातल्या भ्रूणांना फॅड्रोझोल हे औषध दिलं. ते अरोमाटेजला थांबवतं. परिणाम असा, की जनुकांनी मादी असलेल्या पिलांत अंडाशयाच्या जागी वृषणं घडली, आणि ती काम करणारी. आता नियमाप्रमाणे त्यांचा मेंदूही नरासारखा व्हायला हवा होता. झाला नाही. वृषणं होती, गाण्याची केंद्रं मादीचीच राहिली. हा निकाल मला फार आवडतो. जे उत्तर सगळ्यांना सोपं वाटत होतं तेच त्यानं मोडून काढलं, आणि तेही त्या उत्तराचीच अट पूर्ण करून.

पेच सुटायला एक बशी लागली. 2001 मध्ये हॉलोवे आणि क्लेटन यांनी पिलांच्या मेंदूचे पातळ काप घेऊन ते बशीतल्या पोषक द्रावात जिवंत ठेवले. गाण्याच्या मार्गात एक नाजूक जोड असते: एचव्हीसी नावाच्या वरच्या केंद्रातून आरए या खालच्या केंद्राकडे जाणारे तंतू. नरात हे तंतू आत शिरतात. मादीत ते केंद्राच्या उंबरठ्याशी येऊन थांबतात. बशीतही तसंच झालं. नराच्या कापात तंतू वाढून आत शिरले, मादीच्या कापात नाही. मग त्यांनी भोवतालचा द्राव तपासला: नराच्या कापांनी इस्ट्राडायॉल जास्त सोडलं होतं. मादीच्या कापात बाहेरून इस्ट्राडायॉल घातलं, तर तिथंही तंतू वाढले. नराच्या कापात इस्ट्रोजेनचा मार्ग अडवला, तर वाढ मंदावली. बशीत ना वृषण होतं, ना रक्त, ना पक्षी. मेंदूचा काप होता, आणि त्याच्याजवळ त्याचं स्वतःचं संप्रेरक.

पण गोष्ट इथं बंद केली तर ती खोटी होईल. 2003 मध्ये एक विलक्षण पक्षी अभ्यासाला आला. त्याची उजवी बाजू नराची, डावी मादीची. उजवीकडचा गाल तांबूस, डावीकडचा करडा. पोटात उजवीकडे वृषण, डावीकडे अंडाशय. तो नरासारखा गात होता आणि माद्यांना साद घालत होता. त्याच्या मेंदूत एचव्हीसी केंद्र उजवीकडे डाव्यापेक्षा 82 टक्के मोठं निघालं. दोन्ही अर्ध्या भागांतून एकच रक्त वाहत होतं, एकच संप्रेरकं फिरत होती. तरी फरक पडला, म्हणजे पेशींच्या जनुकीय लिंगाचाही मेंदू घडवण्यात हात आहे. आणि डावीकडचं केंद्रही नेहमीच्या मादीपेक्षा मोठं होतं, म्हणजे शेजारून काहीतरी पाझरत असावं. एका पक्ष्याच्या डोक्यात दोन्ही बाजूंची साक्ष. निकाल कुणा एकाच्या बाजूनं लागत नाही, आणि तो तसाच ठेवायचा प्रामाणिकपणा त्या निबंधात आहे. मला ते त्याचं सर्वांत मोठं मोल वाटतं.

यानंतर प्रयोगशाळेतून रानात जाऊ. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम भागात साँग स्पॅरो नावाचा तपकिरी रेघांचा छोटा पक्षी राहतो. नावात स्पॅरो असलं तरी आपल्या घरच्या चिमणीशी त्याचं जवळचं नातं नाही. त्याचं गाणं झीब्रा फिंचहून संपन्न. एका नराला आठ-दहा वेगवेगळी गाणी येतात. इथले नर स्थलांतर करत नाहीत. बारा महिने आपला मुलूख राखतात. पिसं झडण्याचे थोडे दिवस सोडले तर शिशिरातही ते गातात आणि घुसखोराला हुसकावतात.

आता पेच असा. वसंतात नराची वृषणं मोठी असतात, रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर, तेव्हाची भांडणं समजतात. पण शरदात वृषणं आक्रसून नगण्य होतात, रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मोजण्यापलीकडे उतरतं, आणि पक्षी तरीही भांडतो. वृषणं काढून टाकली तरी भांडतो. जॉन विंगफील्ड यांनी अनेक वर्षं या पक्ष्यांच्या मुलखांत उभं राहून हे पाहिलं होतं. बर्थोल्डच्या चौकटीत याला उत्तर नाही.

त्यांचे विद्यार्थी किरण सोमा यांनी या कोड्यावर केलेलं काम मी रसिकाच्या नजरेनं पुन्हा पुन्हा वाचलं आहे. पद्धत साधी. नराच्या मुलखात एक लहानसा पिंजरा ठेवायचा, त्यात दुसरा जिवंत नर, शेजारी ध्वनिवर्धकावर परक्या नराचं गाणं. मालक येतो. मग मोजायचं: तो किती वेळा गातो, किती वेळा झेप घेतो, पिंजऱ्याच्या किती जवळ येतो, आणि पाच मीटरच्या आत किती वेळ काढतो. रागाचं मोजमाप मीटर आणि मिनिटांत. मग काही नरांना फॅड्रोझोल देऊन अरोमाटेज थांबवलं. त्यांचं भांडण ओसरलं. त्याच पक्ष्यांना फॅड्रोझोलबरोबर इस्ट्राडायॉल दिलं, तर भांडण परत आलं. 2000 साली छापून आलेला हा निकाल सांगतो, की विणीच्या हंगामाबाहेर नराची आक्रमकता इस्ट्रोजेनवर चालते. यातलं दुसरं पाऊल मला महत्त्वाचं वाटतं. नुसतं औषध देऊन वागणं मंदावलं असतं, तर पक्षी आजारी पडला असंही कुणी म्हणालं असतं. काढून घेतलेलं परत दिलं आणि वागणं परत आलं, म्हणून पटतं.

कच्चा माल कुठला? शरदात या नरांच्या रक्तात डीएचईए चांगलं असतं. हा रेणू स्वतः फारसं काही करत नाही, पण मेंदूतली विकरं त्याला टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेनकडे नेऊ शकतात. सोमा यांनी 2002 मध्ये विणीबाहेरच्या नरांना डीएचईए दिलं, तर ते मुलखातलं गाणं जास्त गाऊ लागले आणि त्यांचं एचव्हीसी केंद्रही वाढलं. पुढे देवलीना प्रधान आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवलं, की विणीबाहेरच्या हंगामात भांडणाचा प्रसंग आला की नराच्या मेंदूत ही रूपांतरं करणाऱ्या विकराचं काम झपाट्यानं वाढतं. म्हणजे पक्षी भांडतो म्हणून मेंदू संप्रेरक बनवतो, आणि संप्रेरक बनतं म्हणून पक्षी भांडतो.

या व्यवस्थेमागचं शहाणपण समजून घेण्यासारखं आहे. रक्तात टेस्टोस्टेरॉन वर्षभर वाहत ठेवणं महागात पडतं. ते शरीरातली चरबी खर्ची घालतं, रोगप्रतिकार कमी करतं, आणि बापाला पिलांकडे पाठ फिरवायला लावतं. थंडीच्या दिवसांत अन्न तुटपुंजं असताना एवढा खर्च पेलणारा नाही. मग वृषणं बंद, पण डोक्यात थोडंसं, हवं तिथं आणि हवं तेव्हा. खर्च मेंदूपुरता. पाऊस नसताना सगळ्या शिवाराला पाणी सोडण्याऐवजी एका वाफ्याला घडाभर पाणी घालावं, तसं.

आता पुन्हा झीब्रा फिंचकडे, आणि माझ्या मते या साऱ्या क्षेत्रातल्या सर्वांत सुंदर प्रयोगाकडे. ल्यूक रेमेज-हीली, नायजेल मेडमेंट आणि श्लिंगर यांचा हा निबंध 2008 चा. तोपर्यंत मेंदूतलं इस्ट्रोजेन मोजायचं म्हणजे पक्षी मारून ऊतक काढायचं. त्यामुळे एका पक्ष्याची एकच वेळ मिळायची. या मंडळींनी जिवंत, हिंडत्या-फिरत्या पक्ष्याच्या मेंदूत एक बारीक नळी बसवली. तिच्या टोकाला अर्धपारगम्य पडदा. नळीतून संथपणे द्राव वाहत राहतो, आसपासचे लहान रेणू पडद्यातून आत झिरपतात, आणि बाहेर येणारे थेंब ठराविक अंतरानं गोळा करायचे. अर्ध्या तासाचा एकेक नमुना. पक्ष्याचं वजन बारा-पंधरा ग्रॅम. त्या इवल्याशा डोक्यात ही नळी बसवून पक्षी पुन्हा खाऊ-पिऊ, गाऊ लागेल, इतकी हातोटी लागते. मी ती पद्धत वाचतो तेव्हा नळी बसवणाऱ्या हातांचं मला फार कौतुक वाटतं, आणि त्या पक्ष्याबद्दल कणवही.

नळी जिथं ठेवली ती जागा मेंदूच्या मागच्या भागातली, एनसीएम नावाची. ऐकलेली गाणी ओळखणं, आधी ऐकलेलं आणि नवं यांत फरक करणं, हे काम ती करते. आता प्रसंग. नराजवळ माद्या आणल्या. अर्ध्या तासाच्या आत त्या जागचं इस्ट्राडायॉल वाढलं. दुसऱ्या वेळी माद्या नाहीत, फक्त दुसऱ्या नरांची गाणी ऐकवली. तरीही इस्ट्राडायॉल वाढलं, आणि त्याच वेळी तिथलं टेस्टोस्टेरॉन घटलं. एक वाढतं, दुसरं घटतं: जणू अरोमाटेजचं काम चालू असताना डोळ्यांसमोर दिसावं. शिवाय ग्लुटामेट या मज्जासंदेशकाला नळीतून तिथं सोडलं, तर इस्ट्राडायॉल खाली आलं. मेंदूचे नेहमीचे संदेशवाहक या संप्रेरकाची तोटी उघडतात आणि बंद करतात.

दोन वर्षांनी, 2010 मध्ये, रेमेज-हीली यांनी पुढचा प्रश्न विचारला: हे इस्ट्रोजेन ऐकण्याचं काय करतं? एनसीएममधल्या चेतापेशींचे विद्युत ठोके ऐकले. इस्ट्राडायॉल जवळ असताना गाण्याला मिळणारा प्रतिसाद काही मिनिटांत तीव्र झाला. अरोमाटेज अडवलं की उतरला. मग वागणं तपासलं. डाव्या बाजूच्या एनसीएममध्ये इस्ट्रोजेन बनणं थांबवलं की पक्षी गाण्यांमध्ये जी पसंती दाखवायचा ती राहिली नाही. ऐकू येत होतं, पण निवड हरवली.

आपल्याकडे रसचर्चेत एक जुना वाद आहे: रस राहतो कुठे? भट्टलोल्लटानं तो मूळ पात्रात आणि नटात ठेवला. अभिनवगुप्तानं तो सहृदय प्रेक्षकाच्या अनुभवात आणला. मी विज्ञानाला शास्त्रार्थाचा साक्षीदार बनवू इच्छित नाही. पक्ष्याचा मेंदू आणि काश्मिरी आचार्याचं काव्यशास्त्र हे वेगळे प्रांत आहेत. तरी एनसीएमबद्दल वाचताना मला ही चर्चा आठवल्याशिवाय राहत नाही. गाणं बाहेरून येतं. ते ग्रहण करण्याची धार ऐकणारा स्वतः तयार करतो, आणि ती तयार होते ती ऐकण्यामुळेच. गवयासमोर बसलेल्या जाणकार श्रोत्याची बैठक मी पाहिली आहे. पहिल्या दहा मिनिटांत तो ऐकतो, नंतर तो जे ऐकतो ते आणखी बारीक असतं. हे नेमकं असंच असतं, असा माझा दावा नाही. पण एका नगण्य वाटणाऱ्या पक्ष्यात ऐकणं ही अशी कृती असावी, रेणूच्या पातळीवर, याचा आनंद मला दडवता येत नाही.

इतकी घाई संप्रेरकाला जमते कशी? जुन्या समजुतीप्रमाणे स्टेरॉइड पेशीच्या केंद्रकात जातं, जनुकं चालू-बंद करतं, आणि त्याला तास किंवा दिवस लागतात. बेल्जियममधल्या लीज इथले जाक बाल्थाझार्त यांनी जपानी लाव्हरीवर काम करून दाखवलं, की अरोमाटेजचं काम मिनिटांत बदलतं, कारण विकरावर फॉस्फेट चिकटतं किंवा सुटतं, आणि ते कॅल्शियमवर अवलंबून असतं. चेतापेशी पेटली की कॅल्शियम आत येतं, म्हणजे तिचं इस्ट्रोजेनचं कामही त्याच क्षणी बदलतं. शिवाय अरोमाटेज चेतापेशींच्या टोकांपाशी, दोन पेशींच्या सांध्यातही सापडतं. बाल्थाझार्त आणि ग्रेगरी बॉल यांनी 2006 मध्ये एका लेखात सरळ विचारलं: मेंदूतलं इस्ट्राडायॉल संप्रेरक आहे की मज्जासंदेशक? रक्ताची नदी आठवा, आणि मग हा रेणू जो शेजारच्या पेशीकडे एका उडीत पोहोचतो तो पाहा. नावांची जुनी कप्पेबंदी इथं टिकत नाही.

एक गोष्ट जाता जाता. झीब्रा फिंचच्या मेंदूला इजा झाली, की जखमेच्या आसपासच्या आधारपेशींत, ज्या एरवी अरोमाटेज बनवत नाहीत त्यांतही, ते दिसू लागतं. 2001 मध्ये पीटरसन, कॉलिन सल्डान्हा आणि श्लिंगर यांनी हे दाखवलं. पुढच्या कामातून समजलं, की हे इस्ट्रोजेन जखमेभोवतीच्या पेशींचा मृत्यू कमी करतं. ज्या रेणूनं गाणं ऐकायला धार येते तोच इथं मलमपट्टी करतो.

आणि फॅड्रोझोलकडे मला पुन्हा एकदा वळून पाहायचं आहे. एकच रेणू, अरोमाटेजला अडवणारा. त्यानं वेड यांच्या हातात मादीत वृषण घडवून साहजिक उत्तर मोडलं. सोमा यांच्या हातात त्यानं हिवाळ्यातल्या पक्ष्याचं भांडण ओसरवलं. रेमेज-हीली यांच्या हातात त्यानं पसंती पुसली. एकच हत्यार, पण हात वेगळे, प्रश्न वेगळे. साधन सारखं असूनही तीन कलाकृती वेगवेगळ्या उमटतात, हे पाहताना मला प्रश्न विचारणाऱ्याच्या दृष्टीचं मोल कळतं.

शेवटी पिलांबद्दल. वर सांगितलेला प्रयोग प्रौढ नरांचा होता. गाणं शिकणाऱ्या वयातल्या पिलांत काय होतं, हे रेमेज-हीली यांच्या प्रयोगशाळेनं 2015 मध्ये तपासलं. तीच बारीक नळी, पण आता कोवळ्या पिलांच्या मेंदूत, आणि समोर शिक्षकाच्या गाण्याची ध्वनी-चित्रफीत. प्रौढात इस्ट्राडायॉल गाणं चालू असताना वाढतं. पिलात ते गाणं संपल्यानंतर वाढलं. वयानुसार वेळ बदलली. संशोधकांचा अंदाज असा, की ऐकलेलं गाणं स्मृतीत पक्कं करण्यासाठी हे असावं. आणि ही वाढ नर पिलांतच नव्हे, मादी पिलांतही दिसली. मादी मोठी होऊन कधीच गाणार नाही. तरी 1979 मध्येच दाखवून झालं होतं, की झीब्रा फिंचची मादी बापाचं गाणं प्रौढ वयातही ओळखते. आणि जोडीदार निवडताना तिला नरांची गाणी पारखून घ्यायची असतात.